वज्रमुखाची पाठ

नाही नाही, तुम्ही बोलू नका, रुपराव — तोंडात टाचण्या आहेत तुमच्या, एखादी घशात गेली तर धंतोलीत दवाखाने पुष्कळ आहेत, पण हा पोशाख शनिवारपर्यंत कोण पुरा करणार? मी बोलतो. मला सवयच आहे, चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, समोरचे गप्पच असायचे. तुम्ही टोचा. हं — हात असाच वर धरू? — आणि ती खिडकी लावली ना? समोरच्या दवाखान्यात गोंदियापासून यवतमाळपर्यंतचे पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून डबे खातात, त्यांनी पाहिलं की सदुसष्ट वर्षांचा रिटायर्ड प्रोफेसर लाल पोशाख घालून उभा आहे, तर आपला पेशंट सोडून आधी मला भरती करतील. पण काय करणार — सिनेमाचा हिरो शनिवारी सकाळी उतरणार, दुपारी हिंगण्याच्या कारखान्याच्या छपरावरून उडी मारणार, आणि उंची त्याची-माझी एक निघाली. उंचीच. छातीला तुम्ही कापूस भरला आहे, ते मला समजलं. बोललो का मी काही?

एक लक्षात घ्या, वज्रमुख माझा आहे. बासष्ट ते एकोणसत्तर, सात वर्षं, दर रविवारी, साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरची चित्रकथा. चित्रं माझी, मजकूर माझा. लाल काहून? — छापखान्यात काळ्याशिवाय तेवढी एकच शाई होती म्हणून. हे मी कोणाला सांगत नाही, लोक त्यात अर्थ शोधतात. तर आता दहा वर्षांनी हा डायरेक्टर आला, म्हणे यावर सिनेमा काढतो, 'सर, सर' करत सगळे अंक पाहिले, आणि जाताना विचारलं, गावात नाटकाचे कपडे शिवणारा कोणी आहे का? कोणी तरी तुमचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून तो तुमच्याकडेच बसतो, नंदनवनला, तुमच्या बाजेवर, चहा पीत. माझ्याकडे एकदाही घेतला नाही. ॲसिडिटी आहे म्हणाला. मला हेवा वाटतो असं समजू नका. म्हणजे — वाटतो का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो, असं उत्तर दिलं, आणि मग त्या उत्तराची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हेवा जातो, असं काही दिसत नाही.

आता हा मुखवटाच घ्या. मी डोळे नुसते पांढरे काढायचो, बुबुळांशिवाय, कारण मला डोळे जमत नाहीत. कागदावर ठीक आहे, छपरावर हिरो आंधळा होऊन पडेल. तुम्ही काय केलंत — मच्छरदाणीची जाळी, बाहेरून चुना दिल्यासारखी पांढरी, आतून काळी. घाला बरं, घाला, बघू. अरे! तुम्ही दिसून राहिले मला! थोडे धुरकट, पण दिसता. आणि माझे डोळे तुम्हाला दिसत नाहीत? बरं आहे. असंच राहू द्या. काल कौसल्या तुमच्याकडे पोशाख पाहून आली, मला न सांगता. परत येऊन म्हणते, "अहो, तुमच्या चित्रात तो नुसता उभा असायचा, रुपरावजींच्या हातात तो चालायला लागला." एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही चित्राबद्दल असं वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. "छान आहे, जेवायला चला" — एवढंच. मी काल जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण उशिरा.

आणि पाठ! सगळ्यात जास्त मला ती पाठ झोंबली. पहिल्या दिवशी तुम्ही सगळे अंक सावकाश उलटलेत आणि एकच विचारलंत — "सर, याची पाठ कुठी हाये?" तीनशेच्या वर अंक, आणि वज्रमुख एकाही चौकटीत पाठमोरा नाही. वाचकांच्या लक्षात आलं नाही, संपादकाच्या आलं नाही, तुमच्या आलं. मी म्हणालो, वीर माणूस शत्रूला पाठ दाखवत नाही. तुम्ही मान हलवली. मग मी म्हणालो, आम्ही बेडूक उताणा ठेवून चिरतो, त्यामुळे पोटाकडूनच चित्र काढायची सवय. तुम्ही पुन्हा मान हलवली. एका गोष्टीची दोन कारणं दिली की माणूस अडचणीत आहे असं समजावं, हे मीच पोरांना तोंडी परीक्षेच्या वेळी सांगायचो. तर तुम्ही आपल्या मनानं पाठ केलीत — सात बंदांची शिडी, मानेपासून कंबरेपर्यंत — आणि आता जो येतो तो पाठच पाहतो. डायरेक्टर म्हणतो, पहिला शॉट पाठमोराच घेऊ. पाठमोरा! माझा वज्रमुख पहिल्यांदा पडद्यावर येणार, आणि त्यात माझी एक रेघ नाही.

सांगूनच टाकतो. त्या टेबलावर शब्दकोशाखाली एक पत्र आहे. पोशाख मूळ चित्राप्रमाणे आहे, अशी माझी लेखी संमती डायरेक्टरला आज संध्याकाळपर्यंत पाहिजे. मी लिहिलं आहे — नाही. 'मूळ कल्पनेशी विसंगत.' ते गेलं की मुंबईहून दुसरा पोशाख येईल, आणि पडद्यावर वेशभूषेखाली तुमचं नाव यायचं ते येणार नाही. चार वेळा लिहिलं. आधी 'विसंगत'च्या जागी 'सदोष' होतं, ते मला अन्यायाचं वाटलं. — आई गं! नाही, तुमची चूक नाही, मीच हाललो. थांबलात काहून? बांधा. मागचे बंद बांधा.

हे काय करता? डाव्या खांद्यावर — शेवटचा बंद त्या कडीतून ओवून राहिले? वरून मागे, मग कडीतून पुढे, मग पुन्हा... म्हणजे ती कडी त्यासाठी असते? रुपराव, ती पितळी कडी मी सात वर्षं काढली हो, प्रत्येक चौकटीत. आर्वीच्या एका मुलानं पत्र लिहून विचारलं होतं, त्या कडीत काय शक्ती आहे? मी छापील उत्तर दिलं — आकाशातली वीज तिच्यात साठते. आणि तिच्यात नाडी अडकवायची असते! नाडी! ज्यानं पोशाख रचला त्याला एवढं माहीत नको? तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून विचारलंत पाठ कुठे आहे. बरोबर ना? मान हलवू नका. — ऐका. अठ्ठावन्न साल. कॉलेजसाठी बेडूक-सरडे गोळा करायला ब्रह्मपुरीकडे गेलो होतो, दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली होती, गावकऱ्यांनी नाटकाला नेलं आणि साहेब म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. राक्षस आला. अर्धा मुखवटा, उभी गळपट्टी, खांद्यांवरून झूल, डाव्या खांद्यावर कडी. मी नमुन्यांच्या वहीत उतरवून घेतला, सरड्याच्या शेजारी. तो एकदाही वळला नाही — तुमच्या तिकडच्या नाटकात नट प्रेक्षकांकडे पाठ करत नाही ना — म्हणून मला पुढचं तेवढं माहीत. वाटलं, खेड्यातलं नाटक, कोणा शिंप्याचं काम, कोण विचारायला येतं. त्या मंडळीचे कपडे कोण शिवायचं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आताही विचारत नाही. सात बंद. ही पाठ तुम्ही मनानं केलेली नाही, रुपराव. ही मूळचीच आहे.

ते पत्र काढा शब्दकोशाखालून. फाडा. माझं कोपर वाकत नाही, तुम्ही टाचून ठेवलं आहे. — वाचता? वाचा, अक्षर चांगलं आहे माझं. झालं? मग फाडा ना! घडी घालून परत ठेवलंत? शब्दकोशही वर ठेवलात, होता तसाच? म्हणजे मीच फाडावं. बरं. सात वर्षं दर रविवारी तुम्ही आपलाच राक्षस माझ्या नावाखाली पाहिला असेल, कोणाजवळ अवाक्षर नाही, आणि आताही तेच — बोला हो काही! ओरडा माझ्यावर! थुंका त्या टाचण्या आणि —

थांबा. टाचण्या तर तुमच्या मनगटावरच्या उशीत आहेत. सगळ्या. जाळी धुरकट असली तरी एवढं दिसतं. केव्हापासून? तोंडात काहीच नव्हतं तुमच्या? मग इतका वेळ — पत्राच्या आधीपासून? — तुम्ही नुसते ऐकून राहिले होते?

जा. जा तुम्ही. हसता की काय, ते मला या जाळीतून कळत नाही, कळायला नको. संध्याकाळपर्यंत मला लिहायचं ते मी लिहीन, त्यात मला कोणाची — बाहेर कौसल्या असेल, तिच्याकडे चहा घ्या, तिला तुमचं फार कौतुक आहे. दार ओढून घ्या.

...

रुपराव?

अहो रुपराव — याची गाठ मागे आहे. पत्र फाडतो मी, दुसरं लिहितो, जसं होतं तसं लिहितो — जरा आत या हो. माझा हात तिथवर पोचत नाही.