उशिरा येणाऱ्यांकडे कललेली मान

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर, व्यासपीठावर विराजमान आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे दादा, शेजारी बसून त्यांना ‘ताठ बसा’ म्हणून कोपरानं ढोसणाऱ्या वहिनी, आणि समोर जमलेल्या माझ्या कारागीर भावाबहिणींनो,

मी पॉलिशवाली. बत्तीस वर्षं दादांनी लाकडातून क्रुसावरचा ख्रिस्त कोरला आणि मी त्याच्या ओठांना रंग दिला. भाषण लिहून आणलं होतं, पण चष्मा घरी राहिला. तेव्हा जमेल तसं बोलते.

दादांबद्दल काय सांगावं? तळहातावर खिळ्याची जखम कोरायच्या आधी ते तिथं अंगठा फिरवतात. मी एकदा हसले, म्हटलं, “दादा, लाकूड आहे ते!” तर म्हणाले, “तुला अजून लाकूड दिसतंय? म्हणजे माझं काम बाकी आहे.”

पण आज मी त्यांच्याशी भांडायला उभी आहे. फादर, माफ करा.

आपल्या चर्चमधला मोठा ख्रिस्त दादांनीच केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दादांनी स्वतः तुळईला हात टांगून घेतले, मान उजवीकडे टाकली आणि समोर आरसा धरायला मला उभं केलं. आरशात पाहिलं तसंच कोरलं! क्रुसावर मान उजवीकडे कललेली असते, हा रिवाज. आमच्या ख्रिस्ताची कलली डावीकडे. मूर्ती वर चढल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि दादांचं तोंड एवढंसं झालं. फादर तेव्हा तरुण होते. वर बघून म्हणाले, “बायबलात त्यानं मान लववली एवढंच लिहिलंय. कुठल्या बाजूला, ते नाही लिहिलं.” देवमाणूस!

तरी दादांच्या मनातून ते गेलं नाही. सात वर्षं सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी दुसरा ख्रिस्त कोरला, रिवाजाप्रमाणे उजव्या मानेचा. निवृत्तीची भेट म्हणून त्यांनी एकच मागितलंय: उद्या सकाळी जुना उतरवायचा, नवा चढवायचा. फादर हो म्हणाले. मालकीणबाई हो म्हणाल्या. मला कुणी विचारलंच नाही.

दादा, आता ऐका. डोकं वेगळं कोरून मानेवर बसवतात. तुम्ही ते कच्चं, न चिकटवता बसवून रंगाला माझ्याकडे दिलंत, तेव्हाच चूक माझ्या लक्षात आली होती. दोन दिवसांत दुसरं डोकं झालं असतं. मी मूग गिळून बसले.

का? त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं उरकून चर्चमध्ये मिस्सेला यायला मला रोज उशीर व्हायचा. मग बाजूच्या दारातून शिरायचं आणि उजवीकडच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायचं. तिथून तुमच्याआधीच्या मूर्तीचा नुसता कान दिसायचा. तुमचा ख्रिस्त माझ्या टेबलावर आला आणि मी हिशेब केला, हा तर आमच्या बाकाकडे बघणार! मला रडू आलं. रंगात पाणी पडलं, म्हणून ओठ पुन्हा रंगवले.

बत्तीस वर्षांत तेवढा एकच स्वार्थ केला, आणि दोष तुम्ही माथी घेतलात. चुकले, दादा.

पण त्या बाकावर आता एकटी मी नसते. रात्रपाळीची नर्स असते, तान्हं घेऊन येणारी असते, भांडून आलेले नवराबायको असतात. मान वर करून बघा, आजही सगळे मागेच बसलेत! त्यांच्यावरची नजर काढून घेऊ नका.

नवा ख्रिस्त वाया जायचा नाही. शेकडो घरांना आपण ख्रिस्त दिला, पण आपल्या कारखान्याच्या भिंतीवर आजवर एकही टिकला नाही, सगळे विकले गेले. हा तिथं लावू. नवीन मुलं बघून शिकतील.

उद्या मूर्ती उतरवायच्या शिडीला मी कुलूप घातलंय. ही किल्ली. दादा, तुमच्या हातात देते, जबरदस्ती नाही...

अहो, वहिनींकडे काय देताय? वहिनी, ठेवा ती पर्समध्ये, शिडी राहू दे बंद!

दादांचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही डावं-उजवं झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्या मिस्सेला या. उशीर झाला तरी चालेल, तो बघत असेल.