दुधाखालचा गॅस

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बडबडा सिनेमा दिग्दर्शक आणि एक पांढऱ्या केसांचे काका, दोघांची ओळख आत्ताच झालेली.

"सुपारी घेऊन मारणाऱ्याचा सिनेमा आहे, काका. खरी घटना. तो अजून सापडलेला नाही."

"अरे वा! त्याचं काम कोण करतंय?"

"एक नवीन मुलगा. सारखे डोळे वटारतो. शेवटी म्हटलं, बाबा रे, नळ दुरुस्त करायला आल्यासारखा आत जा."

"बरोबर सांगितलंत."

"घर पोलिसांच्या फोटोंवरून जसंच्या तसं उभारलंय. ओट्याजवळ बाई पडलेली, शेगडीवर दूध, गॅस बंद. जाताना गॅस बंद करतो, म्हणजे काय थंड डोक्याचा माणूस! आमचा लेखक तर त्यावरच फिदा आहे."

"बंद नंतर पोलिसांनी केला असेल. तेव्हा बारीक होता."

"बारीक कशाला ठेवेल कुणी?"

"बाळ झोपलं होतं ना आत. उठल्याबरोबर दूध मागणार."

दिग्दर्शक बाकावर जरा लांब सरकला.

"काय झालं?"

"काका, बाळाचं कुठेच छापून आलेलं नाही. घरच्यांनी हात जोडले म्हणून आम्हीही सिनेमात घेतलं नाही."

आतून काकांचा नंबर पुकारला. काका उठले नाहीत. शिंपीणबाईंकडे वळून अगदी मायेनं म्हणाले,

"ताई, तुमचा गाल फार सुजलाय. तुम्ही जा आधी. मी बसतो यांच्याजवळ."