पिंजऱ्यासमोर ‘येतो’

जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या ताई चिठ्ठ्या लिहीत होत्या, पण कान होते समोरच्या बाकावर. तिथे पोपटाचा झाकलेला पिंजरा घेऊन एक बाई आणि कुत्रा घेऊन एक गृहस्थ बसले होते.

“पोपटाला काय झालंय?”

“आठ दिवस बोलत नाही.”

“एवढंच ना?”

“आमच्याकडे कोणी बॅग उचलली, की हा जाणाऱ्याच्या आवाजात ‘येतो’ म्हणायचा. दिरांच्या वेळी मात्र ‘जातो’ म्हणाला.”

“मग?”

“गेले ते गेलेच. तेव्हापासून त्याचं ‘येतो’ ऐकल्याशिवाय घरातलं कोणी गावाला जात नाही.”

“अहो, पाखरू ते! माझी संध्याकाळची गाडी आहे. मी काय त्याला विचारून जाऊ?”

कुत्र्याची पट्टी मघाशीच बदलून झाली होती. गृहस्थ उठले, दारापर्यंत गेले.

“बरंय, येतो.”

पिंजरा गप्प.

“येतो हं!”

कुत्रा बाहेर ओढत होता. गृहस्थ मागे फिरले आणि बाकावर बसले.

“का हो? गाडी आहे ना?”

“जाईन की. टेकतो जरा.”

“आमच्या घरीही सगळे असेच टेकलेत. बॅगा भरून, आठ दिवस.”