वाणातलं पुस्तक

न्हाय न्हाय, पावणं, तिथं सोप्यातच बसा—आत बाळ निजलंय, हळू बोला—आणि ते पुस्तक इकडं द्या बघू. व्हय, माझंच हाय. ‘बारशानंतर’, तेजस्वी चौगुले, मीच ती. पण तुमच्या हातात कसं आलं हे? गगनबावड्यासनं आलोय म्हणतासा, तिकडं मी एक बी प्रत दिली न्हाय. दुकानातनं घेतलं म्हणाल, तर कुठल्याच दुकानात न्हाय ते. एका दुकानदारानं इचारलं, प्रकाशक कोण? म्हटलं, मीच की. त्यानं पुस्तक उघडलं बी न्हाय. वाचनालयातलं साहेब म्हणालं, प्रस्तावना कुणाची? आता सातवी शिकलेल्या बाईला कोण प्रस्तावना देतंय? लग्नपत्रिका छापतो त्याच्याकडं छापून घेतलंय, मग काय—त्यानं सवयीनं वर गणपती टाकला आणि खाली मोठ्या अक्षरात आमच्या सासऱ्यांचं नाव घातलं, ‘निमंत्रक बापूसो चौगुले’. माझं पार तळाला, बारीक. भांडले तर म्हणतोय, वैनी, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव वर पाहिजेच की!

थांबा, जरा बघून येते… न्हाय, निजलंय. अडीच वर्साचा झाला राजवर्धन, पण छातीवर हात ठेवून श्वास बघायची सवय काय जात न्हाय माझी. असू दे. तुम्ही पुरस्कारवालं न्हवं ना? न्हाय कसं, तो बी असाच गोड बोलत आलता. राज्यस्तरीय पुरस्कार म्हणाला, फक्त शाल आणि नारळ तुमचा तुम्ही आणा, आमच्याकडं गर्दी लई हाय. नेला की! माझीच शाल माझ्याच अंगावर घातली. हॉलभर एक्केचाळीस लेखक, सगळ्यांच्या मांडीवर नारळ, आणि ऐकायला कोण? कोण न्हाय. परत येताना बसमध्ये नवऱ्याला म्हटलं, बास झालं आता. म्हणून इचारते, तुम्ही नेमकं कुणाचं?

मग यंदा संक्रांतीला म्हटलं, डब्या-वाट्या लुटण्यापरीस हेच वाण लुटू. एकतीस बायकांना दिलं, कुंकू लावून, आणि पहिल्या पानावर बी एकेक बोट हळदीकुंकवाचं. सासूबाई म्हणाल्या, अगं स्टीलची वाटी तरी द्यायची व्हतीस. हे बघा, हे बोट माझं. मग ही बाकीची चार कुणाची? अगं बाई… म्हंजे हिनं तिला दिलं, तिनं तिला! रथसप्तमीपर्यंत माझंच वाण बायकांनी पुढं लुटलं, स्वतःचं वाण वाचवलं. चार घरं फिरलं आणि एकीनं बी वाचलं नसंल. मी मात्र वाट बघत बसले, कोण तरी कायतरी म्हणंल म्हणून.

आणि हे पान का मुडपलंय? बेचाळीस. हेच का? खरं सांगा, माझी कागाळी शोधायला तुम्हाला सासूबाईंच्या भावानं धाडलंय. घरात कुणी वाचलं न्हाय हे—सासरे नावापुरतं बघतात, नवरा म्हणतो कव्हर छान हाय—मला वाईट वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं बी वाटतं. कारण ह्या पानावर एक बाई हाय. नाव न्हाय घातलं मी तिचं. तीन महिन्यांचं लेकरू पाळण्यात ठेवून, दार पुढं ढकलून ती नृसिंहवाडीच्या गाडीत बसती. देवाला न्हवं, नदीला. हातकणंगल्यापर्यंत गेले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, खाली उतरले, समोरून आली त्या गाडीनं माघारी आले. बाळाचा रडून रडून आवाज बसलाता. पाळणा हलत व्हता नुसता…

आता काय बघतासा असं? व्हय, मीच. जावा, सांगा जाऊन कुणाला सांगायचं ते.

काय? पान तुम्ही न्हाय मुडपलं? बायकोनं? वाचती ती? …उशाला घेऊन झोपती? केवढं बाळ हाय? आणि कवापासनं बोलत न्हाय म्हणालासा? दोन महिनं? डॉक्टरकडं न्हेलंतं का? तिथं बी गप्पच? मग आज हितं यायचं कुणी ठरवलं—तिनं? तिनंच? दोन महिन्यांत एवढंच एक बोलली? पुस्तकावरचं गाव वाचून?

आत्ता कुठं हाय ती? भाईर गाडीत? या उन्हात, लेकरू घेऊन, आणि तुम्ही हितं बसून मला बडबडू देतासा व्हय? उठा. उठा आधी! न्हाय, तुम्ही येऊ नका संगं. बाळ तुमच्याकडं घ्या आणि तिला एकटीला आत पाठवा.