दस्तीखालचा हात

—इचार की, त्यांनाच इचार. तुमच्या दवाखान्याचा कायदाच हाय म्हनतीस ना, विसर पडलेल्या मानसालाबी इचारल्याबिगर त्याचं नाव अभ्यासात घ्यायचं न्हाई — मग इचार. पन असं तोंडाकडं बघून इचारलंस तर काय उपेग न्हाई, बोलनं बंद होऊन लय दिस झाले. सरक, इकडं बाजंजवळ बस. अपेक्षा म्हन्लीस ना नाव? मी कस्तुराबाई, ह्यांची बायको — आता ते कुठं ठाऊक हाय ह्यांना, मधी मला ताई म्हनायचे, मग मावशी, मग कायच न्हाई. मला काय वाटलं? काय वाटायचंय माय. भाकरी थापत हुते, थापत राहिले.

ही दस्ती बघ, खांद्यावरचं फडकं. जनावराच्या बाजारात दलाल हुते मालक. मानवतला बन्सीधर दलाल म्हनलं की — घे, नाव घ्यायला लावलंस मला ह्या वयात! — तर बैलाचा सौदा तोंडानं करीत न्हाईत. दोघांचे हात दस्तीखाली, अन् बोटं धरून भाव. हात दाबला की कबूल. काढून घेतला की सौदा मोडला, उठा. चारचौघात कुनाची शोभा न्हाई. तर जबान गेली, पन हातावर दस्ती टाकली की बोटं हालतेत अजून. हे आमच्या योगीराजनं हुडकलं, माझ्या पोरानं. तवापसून घरात समदं ह्यांना इचारूनच. मोतीबिंदूचं आप्रेशन करायचं का — दाबला हात. सेलूला लेकीकडं जायचं का — दाबला. गावात नाव झालंय, बघा म्हनतेत, अशा मानसालाबी इचारतेत. योगीराजला लय बरं वाटतं त्याचं. वाटू दे.

थांब, घास राहिलाय तोंडात. आ करा — आ — गालात धरून बसतेत बघ, गिळायचंच विसरतेत. गळ्यावरनं असं बोट फिरवायचं, मग जातं खाली. ज्वारीची पेज हाय, वाटीभर जायला सगळी सकाळ जाती. म्हनून तर डॉक्टर म्हन्ले नाकातून नळी घालू, न्हाई तर हे असेच वाळत जातील. गेल्या खेपंला ताप आला तवा घातली हुती की — उपसून फेकली ह्यांनी. मग दवाखान्यातल्यांनी हात बांधले. पट्टीनं, खाटंच्या दोन्ही बाजूला. अन् ती बोटं बांधल्याजागी हालायलीत, भाव करायलीत कुनासंगं तरी, अन् मी स्टुलावर बसून बघायले. रडले? न्हाई. पानीच आलं न्हाई डोळ्याला. भूक लागली हुती, तेवढं आठवतंय.

तर आता परत नळीचं आलं. योगीराज म्हन्ला, आबालाच इचारू, ते म्हनतील तसं. सून, विजयमाला, ती बी हुती, भाऊबंद हुते, समदे इथंच बसले. आई, तूच घाल हात, म्हन्ला पोरगा, तुझी आदत हाय त्यांना. घातला. इचारलं, नळी घालायची का हो. अन् हात निघाला दस्तीखालून. समद्यांनी बघितलं. सौदा मोडला. योगीराज दारात जाऊन हुंदके द्यायला लागला, पन मानलं त्यानं. बापाचा शब्द. आता नळी न्हाई. वाटी हाय, चमचा हाय, चालतंय तवर चालतंय.

बरं, तू घाल हात. घाल, काय करत न्हाईत. इचार — नाव घेऊ का अभ्यासात? दाबला ना? आता उलटं इचार — नाव नगं ना घेऊ? दाबला. दाबतेतच. काय बी इचार. ते बैल इकायलेत माय, दुसरं काय. तू गिऱ्हाईक, मी बी गिऱ्हाईक. अन् हातात जोर लय हाय अजून, एकदा धरला की सोडत न्हाईत, कवाच न्हाई, आपला आपन ओढून काढावा लागतो —

अशी काय बघतीस?

हाव. मीच काढला. त्यांनी दाबून धरला हुता, मी ओढला. दस्तीखालून निघालेला हात कुनी ओढला, ते कुनाला दिसतंय? मला त्या पट्टीचं भ्या वाटतं. मरनाचं न्हाई वाटत. दिसभर घास मी भरवते, हागनं-मुतनं मी काढते, अन् कस्तुराबाई तुला काय वाटतं म्हनून इचारलं कुनी? डॉक्टरनं न्हाई, पोरानं न्हाई. तू बी न्हाई, आल्यापसून तुझं आपलं आजोबा काय म्हन्तेत, आजोबा काय म्हन्तेत. मी बोलले असते तर म्हनले असते, कटाळली म्हातारी. मग आजोबाच बोलले.

योगीराज यीलच आता शेतातून. सांगतीस त्याला? सांग. उद्या नळी यील, पट्टी यील, तू बी ये बघायला. न्हाई तर आजोबा कबूल हायेत म्हन अन् जा गपगुमान. मला दोन्ही सारखंच. ऊठ, पेज गार व्हायली. ऊठ म्हन्ले ना. — न्हाई, ते न्हाई सोडायचे. तूच ओढ.

ओढ की.