विस्तवाजवळचा खलाशी

तुम्ही हसाल, पण दुबईत मी पबांची सैर केलीय, तीही वाळूत! साठच्या दशकातली गोष्ट. आमचा स्कॉटिश इंजिनिअर साहेब संध्याकाळी मला देरा भागातल्या किनाऱ्यावर न्यायचा आणि रिकाम्या वाळूत आपल्या समुद्रकाठच्या गावातले पब दाखवायचा. मान वाकवून 'आत' शिरायचा, एकटाच गप्पा मारायचा. मी पीत नाही, म्हणून 'बाहेर' थांबायचो.

एकदा शेवटच्या पबातून तो गोंधळून आला.

"दाऊद, चिंबोरी कोण?"

रत्नागिरीत लहानपणी मी खेकड्यासारखा तिरका चालायचो, म्हणून कासममामू मला चिंबोरी म्हणायचा. फक्त तोच. मामू आगबोटीवर खलाशी होता. स्कॉटलंडजवळ बोट बुडाली, तो सापडलाच नाही. हे मी दुबईत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आत तुमच्याकडचा एक खलाशी बसलाय," साहेब म्हणाला. "विचारतो, चिंबोरीला आत का नाही आणलंस?"

"साहेब, त्याला बाहेर बोलवा ना," मी कसाबसा म्हणालो.

साहेब पुन्हा वाकून आत गेला, वाळूत कुणाशीतरी हळू बोलला आणि परत आला.

"नाही येत म्हणतो. कपडे अजून ओले आहेत, विस्तवाजवळून उठवत नाही."