हळू हाक

माझं डोकं कसं सटकतं ते तुम्हाला ठावं हाय. पर छावणीच्या दवाखान्यातल्या त्या बाईवर मी उगंच नाय ओरडलो. माझी नात गौरी जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून कानाला मशीन बसवलं अन् बोलायला शिकवायला तिला त्या बाईकडं नेलं. तर बाई तोंडापुढं कागद धरूनच बोलाय लागली!

मी उठलोच. "ओ बाई, आधीच लेकराला ऐकाया येत नाय, अन् तुम्ही तोंड झाकता? तुम्ही तर आमच्या सिल्लोडला लग्नात ऑर्केस्ट्रात गायच्या. हे कवापासून?"

"व्हय काका, गायचे. मग शिकून ह्यात आले. तिथं मांडवभर लोकं जेवत बसायची, ऐकायचं कुणीच नाय. इथं एका लेकरानं ऐकलं तरी बास. गौरी बोलणाऱ्याचं तोंड बघून वळखती, कानानं ऐकत नाय, म्हणून झाकते. असंच चाललं तर मशीन फुकट जाईल. तिच्या मागं बसा अन् हळू हाक मारा."

"हळू? मला नाय जमत."

"मग पोरीला घेऊन घरी जा."

लई राग आला. तरी मागं जाऊन बसलो.

"गौरे..."

पोरगी खेळण्यातच. मी आवाज चढवणार, तेवढ्यात बाईनं ओठावर बोट ठेवलं. मी आवाज खाली आणला.

"गौरे, बाळा..."

पोरीनं गर्रकन मान वळवली.

मी तसाच हळू हळू तिच्याशी बोलत राहिलो. तेवढ्यात बाहेर बसलेली आमची म्हातारी दार ढकलून आत आली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं वो? तुमचा आवाज का येईना?"